गुणाकार, बेरीज आणि गोंगाटातला संदेश

मोबाइलवर नकाशा उघडला की निळा ठिपका आपण उभे आहोत ती गल्ली दाखवतो. त्यासाठी फोनला किमान चार उपग्रहांचे सिग्नल पकडावे लागतात. जीपीएसचे हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला सिग्नल फोनच्या अँटेनापर्यंत पोचेस्तोवर फार क्षीण होतो. एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला जेमतेम एखाद-दीड भाग हाती लागतो. शिवाय तापमानामुळे इलेक्ट्रॉनांची जी सततची धडपड चालू असते, तिच्यातून रिसीव्हरमध्ये नॉइज निर्माण होतो. हा नॉइज सिग्नलच्या अंदाजे शंभरपट असतो. ऑसिलोस्कोप लावून पाहिलं तर नुसतं खवळलेलं गवत दिसेल. उपग्रहाचा मागमूस लागणार नाही. तरीही फोन त्या गवतातून उपग्रह शोधून काढतो, आणि तोही काही सेकंदांत.

हे कसं जमतं, याचं उत्तर आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमात पूर्ण दिलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन म्हणजे पुण्याकडची ‘ई अँड टीसी’ आणि मुंबईकडची ‘एक्स्टीसी’ ही शाखा घेतलेला प्रत्येक विद्यार्थी ते शिकतो. मात्र ते तुकड्यातुकड्यांनी शिकतो. एक तुकडा गणिताच्या एम-थ्रीमध्ये येतो, दुसरा सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये, तिसरा डिजिटल कम्युनिकेशनमध्ये, चौथा डीएसपीमध्ये आणि पाचवा इन्फर्मेशन थिअरीमध्ये. प्रत्येक पेपरची सूत्रं वेगळी, आयएमपी प्रश्न वेगळे आणि सबमिशनही वेगळं. त्यामुळे हे पाच निरनिराळे विषय आहेत, असाच समज होतो. माझ्या मते ही या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी उणीव आहे, कारण या सगळ्यांच्या मुळाशी एकच क्रिया आहे आणि ती बारावीच्या विद्यार्थ्यालाही येते. आकड्यांच्या दोन रांगा घ्यायच्या, समोरासमोरच्या आकड्यांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची.

सदिशांच्या धड्यात आपण हिला डॉट प्रॉडक्ट म्हणतो. दोन सदिश एकाच दिशेचे असले की उत्तर मोठं येतं, काटकोनात असले की शून्य. ही बेरीज एक प्रश्न विचारते: या दोन रांगांमध्ये साम्य किती? संदेशवहनाचं शास्त्र हा प्रश्न पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रांगांना विचारत असतं.

सात चिन्हांचा प्रयोग

कागद-पेन्सिलीने करता येईल असं उदाहरण घेऊ. ही सात चिन्हांची रांग पाहा: अधिक, अधिक, अधिक, उणे, उणे, अधिक, उणे. प्रत्येक चिन्ह म्हणजे अधिक एक किंवा उणे एक. आर. एच. बार्कर यांनी १९५३ मध्ये अशा रांगांचा अभ्यास मांडला, म्हणून हिला बार्कर कोड म्हणतात.

या रांगेखाली तिचीच प्रत नीट जुळवून ठेवली, तर प्रत्येक गुणाकार अधिक एक येतो आणि बेरीज सात होते. आता खालची प्रत एक घर सरकवा आणि समोरासमोर येणाऱ्या सहा जोड्यांचे गुणाकार करा. बेरीज शून्य येते. दोन घरं सरकवली तर उणे एक, तीन घरं सरकवली तर पुन्हा शून्य. कितीही सरकवा, शून्य किंवा उणे एक यापलीकडे काही येत नाही. म्हणजे नेमक्या जागी सात आणि इतर सर्व जागी जवळपास काहीच नाही. रिसीव्हरकडे ही रांग आधीपासून असली, तर तो येणाऱ्या सिग्नलवर ती सरकवत सरकवत गुणाकार-बेरीज करत राहतो, आणि उत्तर एकदम उसळतं तिथे संदेश सुरू झाला हे ओळखतो. या क्रियेला कोरिलेशन म्हणतात. वाय-फायच्या सुरुवातीच्या पिढ्यांत १ आणि २ मेगाबिटच्या वेगासाठी याच कुळातला अकरा चिन्हांचा कोड वापरला जात असे.

नॉइजचं काय होतं? नॉइज कधी धन असतो, कधी ऋण. त्याला आपल्या रांगेची ओळख नसते. त्यामुळे गुणाकारानंतरही तो इकडेतिकडे विखुरलेलाच राहतो आणि बेरजेत बराचसा परस्परांना खोडून काढतो. हजार पदं मिळवली तर सिग्नल हजारपट होतो, पण नॉइज मात्र हजाराच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे ३२ पट वाढतो. शक्तीच्या हिशेबात सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर हजारपट सुधारतं.

जीपीएसचा सर्वांसाठी खुला असलेला मूळ कोड १,०२३ चिन्हांचा आहे आणि तो दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीतही नागरी वापराच्या मूळ कोडची लांबी १,०२३ चिन्हंच आहे. फोनकडे प्रत्येक उपग्रहाची रांग असते. नॉइजच्या शंभराव्या भागाएवढा असलेला सिग्नल एका मिलिसेकंदाच्या गुणाकार-बेरजेनंतर नॉइजच्या दसपट होतो. माहितीचा एक बिट २० मिलिसेकंद चालतो. तेवढा वेळ बेरीज करत राहिलं तर तो दोनशेपट होतो. शिवाय जीपीएसचे सारे उपग्रह एकाच फ्रिक्वेन्सीवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलत असले, तरी त्यांची सरमिसळ होत नाही. एकाची रांग दुसऱ्याच्या रांगेशी गुणली की बेरीज नगण्य येते, अशाच रांगा मुद्दाम निवडलेल्या आहेत.

इथे कोणीही विचारेल, की रिसीव्हरला रांग आधीच ठाऊक असेल, तर तिच्यातून नवं काय कळणार? रांग ठाऊक असते, पण ती केव्हा पोचली हे ठाऊक नसतं. ती जशीच्या तशी आली की सगळी चिन्हं उलटी होऊन आली, हेही ठाऊक नसतं. पोचण्याच्या वेळेवरून अंतर कळतं. एक चिन्ह सरकणं म्हणजे सुमारे ३०० मीटर, आणि रिसीव्हर त्याचाही लहानसा अंश मोजतो. सुलट-उलट यावरून शून्य की एक हे कळतं. माहीत असलेल्या गोष्टीच्या पाठीवर बसून माहीत नसलेली गोष्ट येते. सगळं संदेशवहन या एका वाक्यावर उभं आहे.

फुरियरने विचारलेला तोच प्रश्न

आता रांग बदलू. बार्करच्या चिन्हांऐवजी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीची साइन लाट घेऊ आणि येणाऱ्या सिग्नलशी तिचा गुणाकार करून बेरीज करू. उत्तर मोठं आलं, तर सिग्नलमध्ये ती फ्रिक्वेन्सी भरपूर आहे. शून्य आलं, तर नाही. लाट कुठून सुरू होते हे माहीत नसतं, म्हणून साइनबरोबर कोसाइनशीही गुणाकार करायचा. अशा एकामागून एक सगळ्या फ्रिक्वेन्सी तपासल्या की फुरियर ट्रान्सफॉर्म झाला. एम-थ्रीच्या वहीत इंटिग्रलचं भलंमोठं चिन्ह पाहून मुलं बिचकतात. ते चिन्ह म्हणजे बेरीज आणि त्याच्या आतला भाग म्हणजे गुणाकार.

जोझेफ फुरियर यांना संदेशवहनाशी काही देणंघेणं नव्हतं. धातूच्या पट्टीतून उष्णता कशी पसरते, हे ते शोधत होते. कोणताही आकार साइन आणि कोसाइन लाटांच्या बेरजेतून बांधता येतो, हा त्यांचा १८०७ मधला दावा लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञालाही पटला नव्हता. पुढे १८२२ मध्ये त्यांचा उष्णतेवरचा ग्रंथ आला आणि ही कल्पना रुजली. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की साध्या चामड्याच्या वाद्याचे उपस्वर बेसूर असतात, पण मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांच्या पुडीवरच्या शाईमुळे ते मूळ स्वराच्या पटीत येतात. तबल्याचा एक ‘ना’ मोबाइलवर रेकॉर्ड करून फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीमध्ये त्याचा स्पेक्ट्रम काढला, तर हे उपस्वर कुणालाही पाहता येतात. एम-थ्रीच्या पहिल्या तासाला हा प्रयोग झाला, तर पुढच्या इंटिग्रलची भीती बरीच कमी होईल.

ही आकडेमोड करायला आधी आकडे हवेत, आणि आवाज तर सलग असतो. त्याचे नमुने किती वेगाने घ्यायचे? सिग्नलमधल्या सर्वोच्च फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून अधिक वेगाने. हा सिद्धांत नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावांनी ओळखला जातो. रशियात कोटेलनिकोव्ह यांनी तो १९३३ मध्येच मांडला होता. टेलिफोनवरचा आवाज ३,४०० हर्ट्झपर्यंत मर्यादित ठेवतात, म्हणून सेकंदाला ८,००० नमुने घेतात. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे ६४ किलोबिट. जगभरच्या डिजिटल टेलिफोन जाळ्याचं हे मूळ माप आहे. नमुने याहून सावकाश घेतले, तर वरची फ्रिक्वेन्सी खालच्या फ्रिक्वेन्सीचं सोंग घेऊन येते आणि ते सोंग नंतर कोणत्याही युक्तीने ओळखता येत नाही.

उलटवा, सरकवा, गुणा, मिळवा

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सर्वांत छळणारा शब्द म्हणजे कन्व्होल्यूशन. एक सिग्नल उलटवायचा, दुसऱ्यावर सरकवायचा, गुणायचा आणि मिळवायचा. यातलं ‘उलटवणं’ सोडलं तर हे कोरिलेशनच आहे. कोणताही फिल्टर हेच करतो. आताचा आणि मागचे काही नमुने घेतो, प्रत्येकाला ठरावीक आकड्याने गुणतो आणि बेरीज बाहेर देतो. मग फिल्टरकडून कोरिलेशन करून घ्यायचं असेल, तर हवी असलेली रांग आधीच उलटी करून त्यात भरायची. दोन वेळा उलटल्याने ती सुलट होते. हाच मॅच्ड फिल्टर. डी. ओ. नॉर्थ यांनी १९४३ मध्ये, रडारच्या ऐन धामधुमीत, दाखवून दिलं की सर्वत्र सारख्या पसरलेल्या नॉइजमध्ये ज्ञात सिग्नल शोधण्यासाठी याहून चांगला रेषीय फिल्टर असूच शकत नाही. परीक्षेत या फिल्टरची सिद्धता दहा गुणांना येते. सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये शिकलेल्या कन्व्होल्यूशनला डिजिटल कम्युनिकेशनमध्ये मिळालेलं हे सर्वांत देखणं काम आहे, हेही वर्गात सांगितलं गेलं पाहिजे.

एकच क्रिया सगळीकडे आहे, याचा सर्वांत ठोस पुरावा सिलिकॉनमध्ये सापडतो. १९८०च्या दशकात खास सिग्नल प्रोसेसिंगसाठी चिप बनू लागल्या, तेव्हा त्यांच्या मध्यभागी गुणून लगेच बेरजेत टाकणारं वेगवान युनिट बसवलं गेलं. अभियंते त्याला ‘मॅक’ म्हणतात, आणि चिप किती ताकदीची हे सेकंदाला किती मॅक होतात यावरून ठरवतात.

शॅननची सीमा

आतापर्यंत रिसीव्हरला एकच रांग माहीत होती. आता समजा, पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून अनेक रांगांची यादी ठरवली आहे आणि त्यांतली कोणती पाठवली हाच संदेश आहे. बेल लॅब्जमधले रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० मधल्या निबंधापासून प्रसिद्ध असलेल्या कोडमध्ये सात बिटांच्या १६ रांगा आहेत. कोणत्याही दोन रांगांत किमान तीन जागी फरक आहे. त्यामुळे वाटेत एक बिट बिघडला, तरी आलेली रांग मूळ रांगेलाच सर्वांत जवळची राहते. जवळची कोणती, हे कसं ठरवायचं? शून्य-एकऐवजी अधिक-उणे लिहून १६ रांगांशी गुणाकार-बेरीज करायची. बिघाड नसेल तिथे सात, एक बिघाड असेल तिथे पाच. ज्या रांगेची बेरीज सर्वांत मोठी, तीच पाठवली होती.

याच बेल लॅब्जमध्ये क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये एक असा प्रश्न सोडवला, जो तोवर कुणी नीट विचारलाही नव्हता. चुका कमी करायच्या तर वेग कमी करत जावा लागणार, अगदी निर्दोष संदेश हवा तर वेग शून्याकडे न्यावा लागणार, असा तोवरचा समज होता. शॅनन यांनी सिद्ध केलं की प्रत्येक चॅनलला एक ठरावीक क्षमता असते. वेग तिच्या खाली ठेवला, तर पुरेशा लांब रांगा वापरून चुका हव्या तितक्या कमी करता येतात. तिच्या वर गेलात, तर कुठलीच हुशारी उपयोगी पडत नाही. सिग्नलची शक्ती नॉइजच्या किती पट आहे ते पाहा, त्यात एक मिळवा, त्या संख्येचा दोन पायाचा लॉगरिदम घ्या आणि बँडविड्थने गुणा. हीच क्षमता. टेलिफोनच्या तारेसाठी बँडविड्थ ३,१०० हर्ट्झ आणि सिग्नल नॉइजच्या हजारपट धरला, तर उत्तर सेकंदाला सुमारे ३१,००० बिट येतं. तारेवरचा नॉइज थोडा कमी असेल, तर ही सीमा थोडी वर सरकते. जुने डायल-अप मोडेम साध्या तारेवर याच्याच आसपास, ३३.६ किलोबिटपाशी येऊन थबकले, ते उगाच नव्हे.

शॅनन यांनी सीमा दाखवली, पण तिथे पोचण्याची वाट दाखवली नव्हती. ती सापडायला पंचेचाळीस वर्षं लागली.

अवघड काय आहे?

क्रिया इतकी सोपी असेल, तर हे शास्त्र अवघड का? कारण गुणाकारांची संख्या आटोक्यात राहत नाही. हॅमिंगच्या १६ रांगा तपासणं सोपं आहे. पण माहितीचे शंभर बिट असलेल्या कोडमध्ये दोनचा शंभरावा घात इतक्या रांगा होतात. सगळ्यांशी तुलना करायला विश्वाचं वयही पुरणार नाही. या विषयातले मोठे शोध पाहिले, तर बहुतेक एकाच जातीचे आहेत: ती बेरीज आहे तशीच, पण स्वस्तात कशी करायची.

जेम्स कूली आणि जॉन ट्यूकी यांनी १९६५ मध्ये एफएफटी, म्हणजे फुरियर ट्रान्सफॉर्म झटपट काढण्याची रीत, प्रसिद्ध केली. १,०२४ नमुन्यांचा फुरियर ट्रान्सफॉर्म सरळ काढायला १०,४८,५७६ गुणाकार लागतात. त्यांच्या रीतीने साधारण ५,१२०. उत्तर तेच, कष्ट दोनशे पटींनी कमी. ही युक्ती गाउसला १८०५च्या सुमारासच सुचली होती, हे पुढे उघड झालं. अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये कोडमधल्या संभाव्य रांगांच्या वाटांपैकी हरणाऱ्या वाटा वेळीच सोडून देण्याची रीत दिली. रॉबर्ट गॅलॅगर यांचे एलडीपीसी कोड १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचे, पण तेव्हाच्या यंत्रांना ते पेलवण्याजोगे नव्हते. १९९३ मध्ये फ्रान्समधून टर्बो कोड आले आणि शॅननची सीमा हाकेच्या अंतरावर आली. मग गॅलॅगर यांच्या कोडचीही आठवण झाली. आज ५-जीमध्ये आपला डेटा त्यांच्याच कुळातल्या कोडमधून येतो.

एफएफटी तर आपल्या खिशातच आहे. ४-जीचा फोन २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १,२०० लाटांवर एकाच वेळी माहिती घेतो आणि एफएफटीने त्या वेगळ्या करतो. या लाटा १५ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात. एवढंच अंतर का? कारण एका सिम्बॉलच्या ठरावीक कालावधीत यांतल्या कोणत्याही दोन लाटांच्या गुणाकाराची बेरीज बरोबर शून्य येते. म्हणून त्या एकमेकींवर पसरलेल्या असूनही एकमेकींना ऐकू येत नाहीत.

खोडदच्या माळावर

नारायणगावजवळच्या खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्र ती चालवतं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन बाजूंना, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या.

इथे प्रश्न आणखी कठीण आहे. दूरच्या आकाशगंगेने आपल्याला कोणतीही रांग आधी कळवलेली नाही. तिचा सिग्नल स्वतःच नॉइजसारखा आहे. मग गुणायचं कशाशी? एका डिशचा सिग्नल दुसऱ्या डिशच्या सिग्नलशी. दोन्ही रिसीव्हरांचा नॉइज स्वतंत्र आहे, म्हणून बेरजेत तो विरत जातो. आकाशातून आलेला भाग दोघांत समान आहे, म्हणून तो टिकतो. सिग्नल दोन डिशपर्यंत पोचण्याच्या वेळेत जो फरक पडतो, तेवढं एकाला सरकवून घ्यायचं. बार्करची प्रत सरकवली तसंच. ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज आकाशाच्या चित्राचा एकेक फुरियर घटक देते. घटक पुरेसे जमले की उलटा ट्रान्सफॉर्म करून चित्र मिळतं. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेल्ली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल याच दुर्बिणीने टिपला, आणि उतरण्याच्या थोडंसं आधी तो तुटल्याचंही इथे कळलं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांना पाहता येते. ई अँड टीसीच्या प्रत्येक वर्गाने तिथे जाऊन यावं. चार वर्षांचा अभ्यासक्रम एका माळावर एकत्र काम करताना दिसण्याची ती जागा आहे.

विद्यार्थ्यासाठी

महाराष्ट्रात जन्मलेले आणि पुढे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत सॅक्रामेंटोला प्राध्यापक राहिलेले बी. पी. लाठी यांची पुस्तकं आपल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत असतात. सिग्नल म्हणजे एक सदिशच आहे, इथून ते सुरुवात करतात, डॉट प्रॉडक्टवरून कोरिलेशनकडे येतात आणि मग फुरियर मालिकेकडे वळतात. परीक्षेच्या घाईत आपण नेमकं हेच प्रकरण ओलांडून जातो. ते आधी वाचावं. बार्करची रांग हाताने सरकवावी. पायथनमध्ये दहा ओळी लिहून त्या रांगेत नॉइज मिसळावा, सिग्नल डोळ्यांना दिसेनासा होईपर्यंत वाढवावा आणि कोरिलेशन अजून तो शोधतं का ते पाहावं. रांग लांब केली की किती फरक पडतो, तेही मोजावं. हा प्रयोग एका संध्याकाळचा आहे, आणि तो केलेल्या मुलाला व्हायव्हात मॅच्ड फिल्टरची व्याख्या पाठ म्हणावी लागत नाही.

शिक्षकांकडूनही एक अपेक्षा आहे. नवा पेपर सुरू करताना पहिल्या तासाला फळ्यावर दोन रांगा लिहाव्यात आणि या सेममध्ये आपण कशाला कशाशी गुणणार आहोत, तेवढं सांगावं. ४-जीनंतर ५-जी आलं, पुढे ६-जी येईल; नोकरीच्या ठिकाणची साधनं आणि चिपची नावं दर काही वर्षांनी बदलतील. ज्याला फक्त त्या साधनांची बटणं येतात, त्याला दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागेल. ज्याला ही गुणाकार-बेरीज समजली, तिचा खर्च कसा कमी करतात ते समजलं आणि शॅननची सीमा कुठे आहे हे समजलं, तो नवी प्रणाली पाहताच तीन प्रश्न विचारेल: इथे आधीपासून काय माहीत आहे, कशाशी तुलना केली जाते आणि सीमेपासून आपण किती दूर आहोत? या तीन प्रश्नांची उत्तरं देता येणं, हीच या पदवीची खरी कमाई आहे.